फुगलेल्या चिवड्याची चौकशी

बिबवेवाडी, पुणे
८ ऑक्टोबर १९८८

दादा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करते. आधी कामाचं सांगितलं नाही तर माझ्या पोटात राहणार नाही.

तुमच्या पलटणीचा ट्रक चालवणारा मांजरी गावचा गेनबा सुट्टी संपवून मंगळवारी निघतोय. चंदीगडहून विमानाने थेट तुमच्या लेहला उतरणार, म्हणजे माल वाटेत आदळायची भीती नाही. त्याच्याबरोबर दोन खोकी पाठवतेय. आत चिवडा आहे. बहिणीचा फराळ समजून ट्रंकेत लपवून एकटा खात बसू नकोस. हा विकायचा माल आहे आणि तू आमचा पहिला परदेशी ग्राहक आहेस. (लेह परदेशात नाही हे मला माहीत आहे. ह्यांनी ते आत्ताच मागून वाचून सांगितलं.)

रझिया तुला आठवतेच. शाळेत माझ्या बाकावर बसायची आणि तू आमचा डबा पळवलास की तुझ्या सायकलची हवा सोडायची. आता ती नासिर सायकलवाल्याची बायको, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. उन्हाळ्यापासून आम्ही दोघी आमच्या मागच्या पडवीत चिवडा करतो. पोहे भाजणं, फोडणी, मीठ-साखर माझ्याकडे. तळण सगळं तिचं. शेंगदाणे, डाळं, खोबरं आणि कांदा.

हो, कांदा. ही कल्पना तिच्या सासूची, अख्तरबानूंची. मी आधी खूप विरोध केला. कांदा म्हणजे ओल, आणि ओल आली की चिवडा सादळला. रझिया म्हणाली, "तुझा सादळेल. माझा नाही." ती तो अगदी बारीक चिरते, मीठ लावून पिळते, उन्हात वाळवते आणि मगच तळते. खरं सांगायचं तर लोक आता कांद्यासाठीच आमचा चिवडा मागतात. पण हे तिला कळवू नकोस, आधीच तिचा भाव वधारलाय.

पाकिटं नीट बघ. पिशवीचं तोंड चिकटवायचं यंत्र घेतलंय. पायाने दाबलं की असं बंद होतं की मुंगी शिरणार नाही. आत चिवड्याबरोबर थोडी हवाही ठेवतो. नुसता माल कोंबला तर पोह्यांचा चुरा होतो, हवा असली की पोहे अख्खे राहतात.

आता मुख्य गोष्ट. नासिरच्या दुकानाशेजारचा गाळा रिकामा होतोय. मालक संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणालाय. तुमच्या कॅन्टीनने आमचा चिवडा घ्यायचं कबूल केलं तर आम्ही दोघी मिळून तो गाळा घेणार. नाही तर हे आहेतच म्हणायला, की बायकांचा उन्हाळी उद्योग होता, पावसात वाहून गेला. तेव्हा तुझ्या सुभेदारसाहेबांना खायला घाल आणि खरं काय ते लिही.

आता नमस्कार.

शालू


लेह
मार्फत ५६ ए. पी. ओ.
३० ऑक्टोबर १९८८

चि. शालूस,

उंचावरून आशीर्वाद. इथून दिलेला खाली पोचायला वेळ लागतो, तेवढा धीर धर.

खोकी मिळाली. काय सांगू तुला! दोन्ही खोकी एका दुपारीच संपली. मागे एक पाकीट उरलं नाही. कुठल्या मालाचा इतका झटपट निकाल लागलेला मी तरी पाहिला नाही. सुभेदारसाहेब स्वतः हजर होते.

कॅन्टीनचं ते विचार करून सांगतील. फौजेत विचार करायला वेळ लागतो, तेव्हा गाळ्याची घाई करू नका. आणि एक सुचवू का? पुढच्या वेळी कांदा नको. उंचावर कांद्याने छातीत जळजळतं असं इथले लोक म्हणतात. नुसता पोह्यांचा साधा चिवडा बरा. रझियाला वाईट वाटणार नाही अशा बेताने सांग.

इथे थंडी चांगलीच पडलीय. बुखारी, म्हणजे आमची रॉकेलची शेगडी, दिवसभर पेटलेली असते. दिगंबररावांना नमस्कार. लेह भारतातच आहे, ते बरोबर म्हणाले.

तुझा दादा
संभाजी


बिबवेवाडी, पुणे
१६ नोव्हेंबर १९८८

दादा,

मोठा भाऊ खोटं बोलताना सापडला तर वर कोणता मायना लिहायचा हे शाळेत शिकवलं नव्हतं, म्हणून नुसतं दादा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते गल्लीभर वाचून दाखवलं. "एका दुपारीच संपली" हे वाक्य तर दोनदा वाचलं. रझियाने अख्तरबानूंना उठवून ऐकवलं. कांदा नको या ओळीवर ती हसली आणि म्हणाली, "दादाला पूर्वीपासून पित्ताचा त्रास." आम्ही दोघींनी जाऊन गाळा आतून बघितला, कढई कुठे ठेवायची, यंत्र कुठे, सगळं ठरवलं.

आणि काल मार्केट यार्डात पोहे घ्यायला गेले तर गेनबाची आई बायडाबाई मेथी विकत बसलेली. मला बघितल्यावर हात धरून म्हणाली, "शालू, लई वाईट झालं गं. गेनबाचं पत्र आलंय. तुजा चिवडा समदा फुगून टम झाला हुता म्हनं, खड्ड्यात घालावा लागला. पर तू मनाला लावून घिऊ नगंस."

मी तिथे पोह्यांच्या पोत्यावरच बसले. दादा, तुला मी खरं लिही म्हणाले होते. माझ्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून तू थापा मारल्यास, आणि आता तेच पाणी भर बाजारात आलं. रझियाला अजून काही सांगितलेलं नाही. काय झालं ते मला सगळं, पहिल्यापासून लिही. गोड न करता.

शालू


लेह
२८ नोव्हेंबर १९८८

शालू,

गोड न करता लिहितो.

मी रेशनच्या कोठारावर आहे हे तुला माहीत आहे. तिथे सगळ्यात मोठा नियम एकच, फुगलेला डबा म्हणजे गेलेला माल. आत सडायला लागलं की वायू तयार होतो आणि डब्याचं पोट वर येतं. असा डबा उघडायचा नाही, हुंगायचा नाही, सरळ खड्ड्यात. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुठेही पोट सुटलेली वस्तू दिसली की माझा हात फावड्याकडे जातो.

गेनबाने खोकी आणली ती मी बुखारीशेजारी ठेवली. दुपारी सुभेदारसाहेबांना बोलावून ऐटीत झाकण उघडलं. शालू, प्रत्येक पाकीट उशीसारखं फुगलेलं! बोटाने टिचकी मारली तर वाजलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बहिणीचा माल म्हणून मी नियम वाकवतो की काय, हे बघत असणार. मी वाकवला नाही. दोन्ही खोकी कोठारामागच्या खड्ड्यात रिकामी केली. जमीन गोठून दगड झालीय, म्हणून वर बर्फ लोटलं आणि धोंडे ठेवले. बर्फ लोटताना मला किती वाईट वाटलं ते लिहीत नाही, कारण तू गोड नको म्हणालीस.

मी पुष्कळ विचार केला. पोहे सडत नाहीत, शेंगदाणे सडत नाहीत. उरतो कांदा. रझियाने या वेळी घाई केली असणार, नीट वाळला नसणार. ती मुद्दाम करणार नाही, पण एखादा घाणा ओला राहतो. म्हणून मी कांदा नको एवढंच लिहिलं होतं. तुमच्या मैत्रीत मला माती कालवायची नव्हती.

तिला सांभाळून सांग.

संभाजी


बिबवेवाडी, पुणे
११ डिसेंबर १९८८

दादा,

सांभाळून सांगायचं असं ठरवूनच मी घरातून निघाले होते. तिच्या दारापर्यंत पोचता पोचता विसरले.

रझिया कांदा पिळत बसली होती. मी चपलाही न काढता म्हणाले, "नीट पीळ. मागच्या वेळी राहिला होता." तिने वर पाहिलं. मग मी तुझं पत्र काढून वाचलं, सगळं, अख्तरबानू समोर बसल्या असताना. वाचून झाल्यावर मलाच कसंसं झालं, पण आता थांबायचं कसं?

रझिया म्हणाली, "इथल्या एकाही गिऱ्हाइकाकडे सादळला नाही, आणि वर जाऊनच बरा सडला?"

मी म्हणाले, "इथले लोक दोन दिवसांत संपवतात, त्यांना काय कळणार?"

तिने हात पुसले. "शालू, तू माझ्या कांद्याला पहिल्या दिवसापासून नाकं मुरडतेस. आता तुला निमित्त सापडलं." एवढं बोलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नासिर आमच्या पडवीतून तिची कढई न्यायला आला. सायकलच्या मागे बांधताना म्हणाला, "शालूताई, मला काही विचारू नका. मला फक्त पाठवलंय."

त्यानंतर मी एकटीने चिवडा केला, बिनकांद्याचा. सहकारनगरच्या दुकानदाराने चिमूटभर तोंडात टाकला आणि मला विचारलं, "हा कोणाचा?" घरी ह्यांना दिला. हे म्हणाले, "चांगला आहे. आजारी माणसाला द्यायला हरकत नाही."

गाळ्याचा मालक काल विचारून गेला. मी म्हणाले, संक्रांतीला सांगते. काय सांगणार? मला एकटीला तो गाळा नकोच आहे. खरं म्हणजे चिवडाही एकटीला नको आहे. दुपारी पोहे भाजताना पडवीत इतकं शांत असतं की पोहे तडतडलेले ऐकू येतात. पूर्वी तिच्या बडबडीत मला कधी ऐकू आले नव्हते.

शालू


बिबवेवाडी, पुणे
१४ डिसेंबर १९८८

हवालदार संभाजीराव यांना रझियाचा सलाम.

आपल्याला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. शाळेत असताना मी आपल्या सायकलची हवा सोडायचे, त्याचा हा सूड असेल तर आपण फारच उशीर केलात.

मला एकच विचारायचं आहे. आपण एक तरी पाकीट फोडून पाहिलंत का? आपलं पत्र शालूने मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात फुगलं होतं, वाजलं होतं, खड्ड्यात टाकलं होतं. कोणी खाल्लं असं मला कुठे ऐकू आलं नाही. माझ्या सासूबाई आता नीट ऐकू येत नाही अशा वयाच्या आहेत, पण हे त्यांच्याही लक्षात आलं. माझा कांदा न चाखता त्याला दोषी ठरवणारे आपण पहिलेच. शालूसुद्धा चाखून नावं ठेवायची.

डब्यांचा नियम चांगला असेल. आम्हाला डब्यांतलं कळत नाही, आमचं सायकलचं दुकान आहे. दर एप्रिलमध्ये कोणीतरी सकाळच्या गारव्यात ट्यूब टम्म भरून घेतो, सायकल दिवसभर उन्हात लावतो आणि संध्याकाळी फुटकी ट्यूब घेऊन भांडायला येतो. नासिर त्याला सांगतो, उन्हाने आतली हवा फुगली. ट्यूबमधला कांदा ओला होता, असं त्याने आजवर एकालाही सांगितलेलं नाही.

शालूशी मी बोलत नाही. ती रोज आमच्या दुकानावरून जाते आणि सायकलींकडे बघत बघत जाते, जशी काही विकत घ्यायची आहे. मला तिची फार आठवण येते. हे तिला कळवायचं नाही. पाकीट फोडलंत की नाही तेवढं मात्र मला कळवावं.

रझिया


लेह
२ जानेवारी १९८९

रझिया,

नाही. एकही फोडलं नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि कान तापले. इथे ते सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर फावडं घेऊन खड्ड्यावर गेलो. धोंडे हलवले, बर्फ उकरलं आणि पहिलं पाकीट हातात आलं. मी बघतच राहिलो. ते फुगलेलं नव्हतं! उशी होती, ती पार मरगळून गेली होती. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. आता सडलेली वस्तू एकदा फुगली की फुगली. ती काही विचार बदलून परत खाली बसत नाही. तेव्हाच मला घाम फुटायला हवा होता, पण तिथे घामही गोठला असता.

एक पाकीट आत आणलं आणि बुखारीजवळ स्टुलावर ठेवून समोर बसलो. तव्यावरचा फुलका फुगतो तसं ते हळूहळू वर आलं. खिडकीबाहेर ठेवलं, बसलं. आत आणलं, फुगलं. माझं हे आत-बाहेर चाललं होतं तेवढ्यात सुभेदारसाहेब आले आणि थोडा वेळ बघून म्हणाले, "संभाजी, तबियत तो ठीक है?" त्यांना समजावून सांगायच्या नादात मी हातातलं पाकीट बुखारीला अगदी चिकटून ठेवलं. धाडकन आवाज झाला. साहेब टेबलाखाली, मी दाराबाहेर, आणि चिवडा सगळ्या खोलीभर.

साहेब वर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कांद्याचा एक तुकडा होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो तोंडात टाकला. कुरकुर वाजलेलं मला दारातून ऐकू आलं. मग आम्ही दोघांनी जमिनीवरचासुद्धा सोडला नाही.

तरी एक कोडं राहिलंच. ऊब तर पुण्यातही असते, मग पाकिटं तिथे का फुगली नाहीत? त्याचं उत्तर गेनबाच्या ट्रकमध्ये होतं आणि मी ते रोज बघत होतो. खाली भरलेले टायर घाट चढून इथे आले की दगडासारखे होतात, आम्ही त्यातली थोडी हवा सोडून देतो. टायरचं कळत होतं, चिवड्याचं कळलं नाही. चिवड्याला चाकं नव्हती म्हणून असेल.

तर ऐक. तुम्ही पुण्यात पाकिटात जेवढी हवा कोंडली तेवढीच अजून आत आहे. ती वाढली नाही आणि सडलीही नाही. पुण्यात बाहेरची हवा दाट, ती पाकिटाला चारी बाजूंनी दाबून धरते. इथे अकरा हजार फुटांवर बाहेरची हवा विरळ. दाबणारा हात सैल पडला की आतली हवा पसरते. कडाक्याच्या थंडीत ती अंग चोरून बसते, ऊब मिळाली की हातपाय ताणते. आणि ताणायला पिशवीत जागा उरली नाही की आतून ढकलायला लागते, शेवटी पिशवी फाडते. जागा, दाब आणि ऊब यांच्यातल्या एकाला हात लावला की दुसऱ्याला हलावंच लागतं. यात कांदा कुठेच येत नाही.

शालूवर फार रागावू नकोस. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, हाच तिचा गुन्हा. मूळ गुन्हेगार मी आहे, आणि माझी माफी मागून झाली असं समजू नकोस, सुट्टीवर आलो की समोर उभा राहून मागीन. गेनबा संक्रांतीनंतर पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर खड्ड्यातलं एक पाकीट न फोडता पाठवतो. इथे खोलीत ते आत्ता टम्म आहे. तुमच्याकडे पोचल्यावर कसं दिसतं ते बघ. शालूला मी या सगळ्यातलं काहीच लिहीत नाही. पाकीट तुझ्या दारात घेऊन जा, एवढंच तिला सांगतो.

संभाजी


बिबवेवाडी, पुणे
१९ जानेवारी १९८९

दादा,

रझियाला तिळगूळ न देता गेलेली ही माझी पहिलीच संक्रांत. डब्यात तिचा वाटा काढून ठेवला आणि रोज बघत बसले. मालकाला अजून आठवडाभर थांबायला सांगितलं.

काल गेनबा आला. हातात आमचं पाकीट, त्यावर तुझी चिठ्ठी. "फोडू नये. रझियाच्या दारात घेऊन जावे." पाकीट मी लगेच ओळखलं, त्याचं तोंड मी चिकटवताना वाकडं गेलं होतं. पण ते फुगलेलं कुठे होतं? मी भरलं तेव्हा जेवढं होतं तेवढंच! गेनबा खुर्चीवर पाय घेऊन सांगायला लागला, "ताई, आतली हवा हाय तेवढीच हाय. वर गेली की हातपाय पसरती, खाली आली की गप बसती. निघताना उशी हुती ही. चंदीगडला उतरून बघतोय तर निम्मी!"

माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. चिवडा चांगला होता, तर मग मी रझियाला बोलले ते काय होतं?

तशीच गेले. रझिया दुकानाच्या पायरीवर बसली होती. मी पाकीट पुढे धरलं आणि समजावायला लागले. दोन्ही हातांनी पाकीट दाबून पुण्याची हवा दाखवली, हात सैल करून लेहची दाखवली. नासिर पंप हातात धरून ऐकत होता, त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या भरलेल्या ट्यूबसकट ऐकत होतं. रझिया अगदी शहाण्या मुलीसारखी प्रश्न विचारत होती. "बरं, मग थंडीत?" मी म्हणाले, "थंडीत ती आक्रसते." ती म्हणाली, "म्हणजे अंग चोरून बसते. आणि जागा उरली नाही की आतून ढकलते, असंच ना?"

तेव्हा मला कळलं. मी म्हणाले, "तुला दादाचं पत्र आलंय."

"आठवडा झाला," ती म्हणाली. "पण तू छान सांगतेस. परत सांग."

नासिर हसला, गिऱ्हाईक हसलं, मीही हसले. ती हसली नाही. म्हणाली, "हवेचं मला समजलं, शालू. एक समजलं नाही. दादाचं पत्र आलं तेव्हा तुला माझाच कांदा कसा आठवला? तुझे पोहे का नाही आठवले?"

दादा, तुझ्यावर ढकलायचं मनात आलं होतं, पण ते खरं नव्हतं. तू कांदा लिहिलास, आणि मला आतून बरं वाटलं की बघा, मी म्हणतच होते. मी तिला तसंच सांगितलं. म्हणाले, "माझं चुकलं."

ती पायरीवरून उठली. मग माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि दाताने टरकन फाडलं. तुझं "फोडू नये" तिथेच संपलं. तिने आतून कांदा वेचून काढला, सावकाश खाल्ला, आणि पाकीट माझ्यासमोर धरलं. "खा."

खाल्लं. इतके महिने बर्फात राहून आलेला, पण कुरकुरीत. माझे डोळे भरून आले आणि मी पाकिटावर वाकून रडायला लागले, तर तिने पाकीट झटकन मागे ओढलं. म्हणाली, "त्यात रडू नकोस. सादळेल."

संध्याकाळी कढई परत आली. नासिर म्हणाला, "आता मला विचारलंत तरी चालेल." तिचा तिळगूळ तिला दिला, आणि आज सकाळी आम्ही दोघी मालकाकडे जाऊन गाळा पक्का करून आलो.

शालू


लेह
४ फेब्रुवारी १९८९

शालू आणि रझिया, दोघींना मिळून आशीर्वाद. आता वेगवेगळी पत्रं लिहायची भीती वाटते.

खड्ड्यातली बाकीची पाकिटं संपली. या वेळी खरोखर संपली, सुभेदारसाहेबांना विचारा. कॅन्टीनला होळीसाठी माल हवा आहे. अट दोनच आहेत. कांदा जास्त घाला आणि हवा कमी भरा. वर आल्यावर ती स्वतःच पसरते, तिला खालून कुमक नको.

फुगलेल्या डब्यांचा नियम मात्र तसाच आहे. डबे मी अजूनही खड्ड्यातच घालतो, आणि घालत राहीन. पण पिशवी दिसली की आता हात आधी फावड्याकडे जात नाही.

संभाजी


बिबवेवाडी, पुणे
२० फेब्रुवारी १९८९

संभाजीदादा, सलाम.

(आपण, हवालदार, संभाजीराव वगैरे सगळं मागे घेतलं आहे.)

नव्या गाळ्यातून लिहितेय. होळीचा माल भरून झाला. पाकिटांतून हवा पिळून काढलीय, त्यामुळे ती इतकी मलूल दिसतात की माझ्या सासूबाई रोज विचारतात, "अगं, यांना उपाशी का पाठवताय?" मी त्यांना सांगते, वर गेल्यावर बाळसं धरतील. पोहे चुरू नयेत म्हणून खोक्यांत पेंढा घातलाय.

शालूच्या ह्यांनी पाकिटावर चिकटवायला एक पट्टी लिहून दिली. शालू म्हणाली, "अहो, ही जरा कडक झाली." दिगंबरराव म्हणाले, "सौम्य लिहिलं तर पुण्याचा माल आहे हे लोकांना कळणार कसं?" म्हणून तशीच छापून आणली.

छापखान्यातून आलेली पहिली पट्टी मी गाळ्यातल्या भिंतीवर लावली, शालू पोहे भाजायला बसते त्याच्या बरोबर समोर. तिला मान वर केली की वाचावीच लागते. दोन-तीन दिवस ती मान खाली घालूनच पोहे भाजत होती. काल कढई खाली उतरवून म्हणाली, "रझिया, एक पट्टी दादालाही पाठव. त्याच्या कोठारात लावायला सांग, फावड्याच्या वर."

सोबत पाठवली आहे.

"उंच प्रदेशात हे पाकीट फुगलेले आढळल्यास मालावर संशय घेऊ नये. आधी फोडून खावे. मग बोलावे."

रझिया